नॉन-स्टिक तवा : आच सांभाळा, लेप टिकेल

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणा नदीकाठचे गाव महाराष्ट्राला दोन कारणांसाठी ठाऊक आहे. एक म्हणजे संत गोरोबाकाकांची समाधी आणि दुसरे म्हणजे सातवाहन काळात भरभराटीस आलेले ‘तगर’ हे व्यापारी नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात तगर हे पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचा उल्लेख आहे. ते तगर म्हणजेच आजचे तेर, हे जे. एफ. फ्लीट या अभ्यासकाने १९०१ मध्ये साधार मांडले. गावातील कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात त्या काळातील मातीची भांडी आणि भाजक्या मातीच्या मूर्ती आजही पाहावयास मिळतात.

या जुन्या भांड्यांचा आजच्या शहरी स्वयंपाकघरातील नॉन-स्टिक तव्याशी काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. संबंध आहे तो लेपाचा. सातवाहनकालीन स्थळांवर लाल लेप दिलेली आणि घोटून चकाकी आणलेली खापरे मिळतात. भाजलेली माती सच्छिद्र असते. तिच्यात पाणी झिरपते, तेल मुरते. बारीक मातीचा पातळ लेप देऊन भांडे घोटले, की ही छिद्रे बऱ्याच अंशी बुजतात. भांड्याचे अंग एका पदार्थाचे आणि अन्नाला लागणारा पृष्ठभाग दुसऱ्याचा, ही युक्ती त्यामुळे नवी नाही.

नवे आहे ते एवढेच, की या लेपाची मर्यादा घरोघर ठाऊक नसते. सणाच्या सवलतीत घेतलेला स्वस्त तवा वर्षभरात चिकटू लागतो, त्यावर ओरखडे दिसतात, काळी टरफले भाजीत येतात आणि मग घरात वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, ‘हे विष आहे, फेकून द्या’. दुसरा म्हणतो, ‘अजून चांगला चालतो की!’ दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे आणि थोडा गैरसमजही.

कल्हईवाला गेला, लेप राहिला

तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करण्याची पद्धत आजच्या पन्नाशीतल्या पिढीने पाहिलेली आहे. दारात कल्हईवाला आला, की भाता लावून भांडे तापवले जाई, नवसागराने ते स्वच्छ केले जाई आणि कथिलाचा पातळ थर आतून फिरवला जाई. आंबट पदार्थ तांब्या-पितळेत कळकू नये, हा त्यामागील हेतू. हा थर झिजतो आणि ठरावीक काळाने पुन्हा द्यावा लागतो, याची जाण प्रत्येक गृहिणीला होती. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते. त्यामुळे कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवायचे नाही, हा दंडकही घरात पाळला जाई.

नॉन-स्टिक तव्याला हेच दोन नियम लागू पडतात. त्याचा लेप झिजणारा आहे आणि त्याला उष्णतेची मर्यादा आहे. फरक इतकाच, की हा लेप पुन्हा देणारा कारागीर गल्लीत येत नाही. कारखान्यात तो पुन्हा देता येतो. पण स्वस्त तव्याच्या बाबतीत तो खर्च परवडण्यासारखा नसतो. म्हणूनच असलेला लेप जपणे हाच काटकसरीचा मार्ग ठरतो.

शोध अमेरिकेत, तवा मराठवाड्यात

या लेपाचे रासायनिक नाव पॉलिटेट्राफ्लुरोइथिलीन, संक्षेपाने पीटीएफई. ड्युपाँट कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांना ६ एप्रिल १९३८ रोजी शीतकरणाच्या वायूंवर प्रयोग करताना तो योगायोगाने गवसला. वायूच्या नळकांड्यातून वायू बाहेर येईना; नळकांडे कापून पाहिले, तर आत पांढरी, निसरडी भुकटी जमलेली होती. पुढे ‘टेफ्लॉन’ या व्यापारी नावाने ती जगभर पोहोचली. फ्रान्समधील अभियंते मार्क ग्रेगॉर यांनी १९५०च्या दशकात हा पदार्थ अ‍ॅल्युमिनियमवर बसवण्याची रीत शोधली आणि १९५६ मध्ये त्यांच्या ‘टेफाल’ कंपनीने अशा तव्यांचे उत्पादन सुरू केले.

भारतात या भांड्यांची ओळख करून देणाऱ्यांत मराठवाड्याचे नाव अग्रभागी आहे. तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे भोगले कुटुंबाने १९६८ मध्ये ‘निर्लेप’ हा उद्योग सुरू केला. कंपनीचे नाव घराघरांत इतके रुळले, की कोणत्याही कंपनीच्या नॉन-स्टिक तव्याला ‘निर्लेप तवा’ म्हणण्याची सवय महाराष्ट्राला लागली. २०१८ मध्ये ‘बजाज इलेक्ट्रिकल्स’ने या कंपनीचा बहुतांश हिस्सा विकत घेतला. ज्याचे सारे महत्त्व लेपात आहे, त्याच तव्याला ‘निर्लेप’ हे नाव मिळावे, ही मराठीतील एक गंमतच म्हणावी लागेल.

तव्यावर नेमके काय असते?

स्वस्त नॉन-स्टिक तवा म्हणजे मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. त्याचा पृष्ठभाग आधी खरखरीत केला जातो. कारण ज्या पदार्थाला काहीच चिकटत नाही, तो पदार्थ धातूलाही सहजी चिकटत नाही. खरखरीत पृष्ठभागावर धातूला धरून राहणारा पहिला थर आणि त्यावर पीटीएफईचे एक किंवा दोन थर फवारले जातात. नंतर तवा भट्टीत सुमारे ४०० अंशांवर अल्पकाळ तापवून हे थर पक्के केले जातात. सर्व थरांची एकत्रित जाडी काही दशांश मायक्रॉन नव्हे, तर साधारण २० ते ४० मायक्रॉन असते. म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. तव्याची सारी किमया या केसभर थरात आहे.

बाजारात नावांचा गोंधळ बराच आहे. ‘हार्ड अ‍ॅनोडाइज्ड’ म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर विद्युत प्रक्रियेने तयार केलेला कठीण ऑक्साइडचा थर. तो टिकाऊ असतो. मात्र वर वेगळा लेप नसेल, तर तो नॉन-स्टिक नव्हे. ‘ग्रॅनाइट’ किंवा ‘मार्बल’ फिनिश हे बहुतेक वेळा ठिपके असलेल्या पीटीएफईचेच नाव असते. त्यात दगडाचा तवा नसतो. ‘सिरॅमिक’ लेप सिलिकावर आधारित असतो. तो अधिक उष्णता सोसतो; पण त्याचा न चिकटण्याचा गुण सहसा पीटीएफईपेक्षा लवकर ओसरतो.

खरेदी : थापटण्याने पारखावे

तेरच्या गोरोबाकाकांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी कुंभाराच्या थापटण्याने एकेका संताच्या डोक्यावर थापटून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे, याची परीक्षा केली. त्यात नामदेवांचे मडके कच्चे ठरले, असे सांगतात. भांडे घेण्यापूर्वी ते वाजवून पाहण्याची रीत या कथेच्या मुळाशी आहे. नॉन-स्टिक तवा वाजवून त्याचा लेप कळत नाही. पण दुकानातच करता येण्याजोग्या काही परीक्षा आहेत.

पहिली परीक्षा जाडीची. पातळ पत्र्याचा तवा बर्नरच्या वर्तुळावर अतोनात तापतो आणि कडेला थंड राहतो. मध्यभागीचा लेप म्हणूनच आधी जातो. ३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड तवा उष्णता सारखी पसरवतो. दोन तव्यांची किंमत जवळपास सारखी असेल, तर चकचकीत झाकण आणि रंगीत मूठ यांपेक्षा जाडीला प्राधान्य द्यावे. दुसरी परीक्षा बुडाची. तवा सपाट काउंटरवर ठेवून कडेला बोटाने दाबावे. तो डुगडुगला, तर घेऊ नये. तिसरी परीक्षा मुठीची. मूठ स्क्रूने घट्ट बसलेली हवी आणि ती बर्नरच्या ज्वाळेपासून पुरेशी दूर हवी. चौथी परीक्षा लेपाची. उजेडात तिरपा धरून पाहिल्यास फुगवटे, टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे किंवा कडेला उघडा धातू दिसतो का, ते तपासावे.

घरी इंडक्शन शेगडी असेल, तर बुडाला लोहचुंबक चिकटतो का, हे पाहणे आवश्यक आहे. निव्वळ अ‍ॅल्युमिनियमचा तवा इंडक्शनवर तापत नाही. त्यासाठी बुडाला चुंबकीय पोलादाची चकती लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएस १६६० हे भारतीय मानक आहे. त्यामुळे खोक्यावर आयएसआय चिन्ह, उत्पादकाचे नाव आणि पत्ता असल्याची खात्री करावी.

पहिल्या दिवशी

नवा तवा कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवावा, मऊ फडक्याने पुसावा. नंतर अर्धा चमचा तेल कापडाने सर्वत्र फिरवून मंद आचेवर मिनिटभर ठेवावा आणि थंड झाल्यावर जादा तेल पुसून घ्यावे. लोखंडी किंवा बिडाचा तवा मुरवताना तो धूर येईपर्यंत तापवतात, तसे येथे मुळीच करू नये. लोखंडाला जे मानवते, तेच नॉन-स्टिकच्या मुळावर येते.

आच हाच खरा शत्रू

लोखंडी उलथन्याच्या ओरखड्यांची भीती सर्वांना असते; मात्र लेपाची अधिक हानी मोठ्या आचेने होते. पीटीएफई २६० अंश सेल्सियसपर्यंत स्थिर राहतो, असे मानले जाते. त्यापुढे तो हळूहळू बिघडू लागतो आणि ३५० अंशांच्या वर त्याचे विघटन वेगाने होऊन घातक वायू बाहेर पडतात. त्यांच्या संपर्काने ताप, हुडहुडी, खोकला अशी फ्लूसारखी लक्षणे दिसू शकतात; ती बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतात. पिंजऱ्यातील पक्ष्यांना मात्र हा धूर प्राणघातक ठरतो. लव्हबर्डसारखे पक्षी पाळणाऱ्यांनी त्यांचा पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत याहून सावध मर्यादा सांगितली आहे. नॉन-स्टिक भांडे १७० अंशांच्या वर तापवू नये, रिकामे भांडे बराच वेळ आचेवर राहिल्यास असा धोका संभवतो आणि लेप खराब झालेले भांडे वापरातून काढावे, असे त्या सूचना सांगतात. विशेष म्हणजे स्वयंपाकासाठी मातीची भांडी सर्वांत सुरक्षित, असेही त्यांत नमूद आहे. गोरोबाकाकांच्या गावाला हे नव्याने सांगण्याची गरज नाही.

घरात तापमापक नसतो. तेव्हा खुणा ओळखाव्या लागतात. तवा मंद आचेवर ठेवतानाच त्यावर तेल किंवा पदार्थ असावा. तेल हलकेच पातळ होऊन पसरू लागले, की तवा तयार आहे असे समजावे. लोणी किंवा तूप करपट तपकिरी होऊ लागले, तर आच कमी करावी. तेलातून धूर निघाला, तर मर्यादा ओलांडली गेली आहे. गॅस बंद करून खिडकी उघडावी आणि तवा आपोआप थंड होऊ द्यावा. फोन आला म्हणून रिकामा तवा पेटत्या बर्नरवर सोडून जाणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पातळ अ‍ॅल्युमिनियमला धोक्याच्या तापमानापर्यंत पोहोचण्यास काही मिनिटे पुरतात.

कोणता पदार्थ कोणत्या तव्यावर?

मराठवाड्याच्या रोजच्या जेवणातील ज्वारीची भाकरी नॉन-स्टिकवर करू नये. भाकरीला कडक तापलेला कोरडा तवा लागतो आणि तीच गोष्ट या लेपाला सोसत नाही. भाकरीसाठी लोखंडी किंवा मातीचा तवाच योग्य. फुलके आणि चपात्या मध्यम आचेवर जमतात. पण रोज दोन वेळा कोरडी भाजणी झाल्यास तव्याचे आयुष्य घटते.

याउलट धिरडी, घावन, आंबोळ्या, डोसे, ऑम्लेट, अंड्याची पोळी हे पदार्थ या तव्याचे खरे मानकरी. धपाटे ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकले, तर थोड्या तेलात छान खरपूस होतात. थालीपीठ थंड तव्यावरच थापून मग आच लावण्याची घरोघरची पद्धत नॉन-स्टिकला तर अगदी अनुकूल आहे; कारण तवा रिकामा तापतच नाही. मात्र दुसरे थालीपीठ थापण्यासाठी तापलेला तवा उलटा करून नळाखाली धरण्याची सवय सोडावी. अचानक गारव्याने पत्रा आकसतो, बूड फुगते आणि लेपाची पकड सैल होते. दुसरे थालीपीठ फडक्यावर किंवा प्लास्टिकच्या कागदावर थापून अलगद तव्यावर सोडावे.

टोमॅटो, चिंच, कोकम घातलेले पदार्थ शिजवण्यास हरकत नाही; पण ते तव्यातच रात्रभर ठेवू नयेत. ओरखड्यांतून उघड्या पडलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर आम्ल आणि मीठ यांचा परिणाम होतो.

उलथने, घासणी आणि फडताळ

लाकडी, सिलिकॉनचे किंवा उष्णतारोधक नायलॉनचे उलथने वापरावे. धातूचा कालथा, चमचा, काटा टाळावा. पोळी किंवा ऑम्लेट तव्यातच सुरीने कापण्याचा मोह आवरावा.

तवा पूर्ण थंड झाल्याखेरीज धुऊ नये. मऊ स्पंज, कोमट पाणी आणि थोडा द्रव साबण एवढे पुरेसे आहे. तारेची घासणी, काथ्या, राख आणि खरखरीत भुकटी यांना मज्जाव असावा. घरकामास मदतनीस येत असतील, तर हा तवा बाकीच्या खरकट्या भांड्यांत न टाकता वेगळा ठेवावा किंवा स्वतः धुवावा. अनेक तवे स्वयंपाकात नव्हे, तर मोरीत खराब होतात. बाहेरचे बूडही तेलकट राहू देऊ नये. तेथे जळालेल्या तेलाचे काळे किटण जमते आणि तवा सारखा तापत नाही.

फडताळात एकावर एक भांडी रचताना मध्ये जुने सुती फडके किंवा कागद घालावा. खिळ्याला टांगून ठेवल्यास आणखी उत्तम. मुठीचा स्क्रू महिन्यातून एकदा कसून घ्यावा.

तवा चिकटू लागला तर

चिकटणारा प्रत्येक तवा बाद झालेला नसतो. पुष्कळदा लेपावर जळालेल्या तेलाचा पातळ, पिवळसर थर साचलेला असतो आणि पदार्थ त्या थराला चिकटतो. अशा वेळी तव्यात कपभर पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून मंद आचेवर पाच-दहा मिनिटे उकळी आणावी, थंड होऊ द्यावे आणि मऊ स्पंजने पुसावे. धुऊन, सुकवून तेलाचा हात फिरवावा. यानंतर तवा पूर्ववत झाला, तर दोष किटणाचा होता. तरीही चिकटत असेल, तर लेप झिजला आहे, असे समजावे.

टरफले पोटात गेली तर?

सर्वाधिक भीती याच प्रश्नाची असते. लेपाचा एखादा कण चुकून पोटात गेला, तर तो पचत नाही आणि शरीरात कशाशी संयोगही पावत नाही. तसाच बाहेर पडतो. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र टरफले सुटणे ही लेप संपत आल्याची खूण आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

वादग्रस्त ठरले ते पीएफओए हे वेगळे रसायन. पीटीएफईच्या निर्मितीत ते साहाय्यक म्हणून वापरले जात असे. ते निसर्गात आणि शरीरात दीर्घकाळ टिकून राहते. अमेरिकेतील मोठ्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवला, २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने त्याला मानवी कर्करोगकारकांच्या गटात ठेवले. म्हणून खोक्यावर ‘पीएफओए मुक्त’ असे लिहिलेले असणे इष्ट आहे. परंतु त्याचा अर्थ ‘पीटीएफई मुक्त’ असा होत नाही, किंवा तवा कितीही तापवावा, असाही होत नाही.

निरोप केव्हा द्यावा?

मध्यभागी धातू दिसू लागला, लेपाला फुगवटे आले, टरफले सुटू लागली किंवा बूड डुगडुगू लागले, की तवा स्वयंपाकातून काढावा. एखाद-दुसरा बारीक ओरखडा हे टाकण्याचे कारण नव्हे. काढलेला तवा कोरड्या भाजणीसाठी ‘जुना आहे म्हणून’ वापरणे हा उलटा व्यवहार आहे; झिजलेल्या लेपाला मोठी आच देणे सर्वांत वाईट. अ‍ॅल्युमिनियमला भंगारात मोल मिळते. तेथेच त्याची रवानगी करावी.

स्वस्त तव्याचा हिशेबही याच नजरेने करावा. समजा, ६०० रुपयांचा तवा मोठ्या आचेवर सहा महिन्यांत गेला, तर महिन्याला १०० रुपये पडले. तोच तवा निगा राखून दोन वर्षे चालला, तर महिन्याला २५ रुपये. बचत दुकानातील सवलतीपेक्षा बर्नरच्या बटणात अधिक आहे.

थोडक्यात

– रिकामा तवा कधीही तापवू नये. आच मंद ते मध्यम ठेवावी.
– भाकरीसाठी लोखंडी किंवा मातीचा तवा, धिरडी-घावनांसाठी नॉन-स्टिक.
– तेलातून धूर येणे ही धोक्याची खूण.
– तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये.
– लाकडी उलथने, मऊ स्पंज. तार, काथ्या, राख वर्ज्य.
– चिकटल्यास आधी सोड्याच्या पाण्याचा उपाय करून पाहावा.
– धातू दिसला किंवा टरफले सुटली, की तवा बदलावा.

तेरच्या संग्रहालयातील खापरे शतकानुशतके टिकली. नॉन-स्टिकच्या लेपाकडून तशी अपेक्षा नाही. तो काही वर्षांचाच सोबती आहे. कल्हईची मर्यादा ओळखून जुन्या पिढीने तांब्या-पितळेची भांडी वापरली. तीच जाण ठेवली, तर स्वस्त तवाही आपले काम चोख करील आणि घरच्यांचे आरोग्यही सांभाळेल.